जुना बेस, वर्ध्याचा उन्हाळा

जुना बेस गिटार घेताना हौशी वादक आधी कंपनी विचारतात, मग पिकअप. वर्ध्यासारख्या हवेत पहिला प्रश्न नेकचा हवा. इथला मे महिना पारा 45 अंशांच्या आसपास नेतो नि हवा कोरडीठाक करतो. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड ओल शोषते आणि सोडते, पण लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणून उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो, धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात आणि त्यांची टोके कडेला बोचू लागतात. त्यात बेसची तार सुमारे 86 सेंटिमीटर लांब, आणि चार तारांचा मिळून ताण साधारण 75 किलोंचा! नेक वाकणारच.

‘ट्रस रॉड आहे की,’ असे विकणारा म्हणेल. खरे आहे, पुढेमागे आलेला बाक तो नेकमधल्या या सळईने सरळ करून देईल. पण पिळलेला नेक साधा ट्रस रॉड सुधारू शकत नाही. तेव्हा हेडकडून बॉडीकडे एक डोळा मिटून पाहा, शक्यतो मे महिन्यातच, कारण दोष तेव्हा बोलतात.

मोबाइलवर आलेल्या व्हिडिओवर विसंबणारेही पुष्कळ. सर्वांत जाड ‘ई’ तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा. फोनचा इवलासा स्पीकर तो जवळजवळ वाजवतच नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदूच तो भरून काढतो. पैसे देण्यापूर्वी अँपला लावून ऐकलेले बरे.