ओठावरचा फोड आणि मुठीएवढं माकड

परवा बचत गटाची बैठक संपली आणि शेजारची सून मोबाईल घेऊन माझ्यापाशी आली. "काकू, हे बघा ना! पोरानं हट्टच धरलाय." व्हिडिओत मुठीत मावेल एवढं माकड एका बाईच्या ओठाला तोंड लावून केळं खात होतं. तिचा नवरा आमच्या बारामती एमआयडीसीतच कामाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, पैसे मोजले की असलं माकड मिळतं.

मी बघत होते, आणि जीभ मात्र सारखी माझ्याच ओठाच्या कोपऱ्याकडे जात होती. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता आणि तिथे पाण्याचे फोड उठले होते. आपण म्हणतो 'ताप फुटला'. कुणी म्हणतं, कोळी मुतला. कोळी बिचारा निर्दोष! हे काम हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचं. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात तो असतो. एकदा शिरला की जन्मभर मज्जातंतूत दडून बसतो. ताप, ऊन, जागरण असं निमित्त मिळालं की वर येतो. आठ-दहा दिवसांत खपली पडते आणि आपण विसरून जातो.

त्या माकडाला मात्र विसरायला वेळ मिळत नाही. त्याचं नाव मार्मोसेट, माहेर दक्षिण अमेरिकेतलं जंगल. लाखो वर्षं माणसाबरोबर राहून हा विषाणू आपल्याशी जमवून घ्यायला शिकला; मार्मोसेटच्या शरीराला त्याची ओळखच नाही. मालकाने मुका घेतला, उष्टा घास भरवला, की लागण. मग तोंडात, जिभेवर जखमा होतात, लाळ गळते, खाणं सुटतं. विषाणू मेंदूपर्यंत पोचला की झटके येतात आणि बहुतेक वेळा काही दिवसांतच जीव जातो. लस नाही, औषधाचा क्वचितच उपयोग होतो. ब्राझीलमध्ये पाळलेलीच नव्हे, माणसांच्या आसपास मोकळी फिरणारी मार्मोसेटही अशी मेलेली आहेत.

उलटही घडतं बरं का. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांच्या जातीत असाच एक विषाणू असतो. त्यांना त्याचा फारसा त्रास नाही, माणसाला मात्र तो जीवघेणा. १९३२ साली अमेरिकेत माकड चावलेला एक तरुण डॉक्टर त्यानेच दगावला.

हे सगळं तिला सांगताना मला माझीच एक चूक आठवली. भाचीच्या बाळाचं बारसं होतं. ओठावर फोड असतानाच मी बाळाचे पटापट मुके घेतले. कुणी अडवलं नाही. मावशीआजीला कोण अडवणार? नंतर डॉक्टरीणबाईंकडून कळलं, पहिल्या काही आठवड्यांच्या बाळालाही हा फोड जिवावर बेतू शकतो. त्याच्या अंगात अजून लढायची ताकद नसते. बाळाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, ओठावर फोड असेल तर तान्ह्या बाळाला तोंड लावू नका. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा. दुसऱ्या कुणाला फोड दिसला, तर मान ठेवूनच, पण स्पष्ट सांगा. देवळापाशी माकडांना उष्टं टाकू नका.

आणि असलं माकड विकत? मुळीच नाही. २०२२ साली वन्यजीव कायदा बदलला. अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद लागते. चोरून आणलेली पिल्लं बॅगेत कोंबून येतात. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर गिबन वानरांची पिल्लं अशीच सापडली. मार्मोसेट तर कुटुंबात राहणारा जीव. त्यांच्यात बापही पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतो!

सून गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, बापाच्या पाठीवरून ओढून आणलेलं पिल्लू आपल्या पोराला कसं द्यायचं?" संध्याकाळी तिने पोराला हेच सांगितलं. तो थोडा रडला. माझा फोडही आता सुकलाय. पण खपली पडेपर्यंत मी नातवाला लांबूनच हात हलवते.