पवनारचे पाणी आणि समुद्रातले कासव

वर्धा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मग समुद्री कासवांच्या रक्षणाशी वर्धेकरांचा काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पवनारच्या धाम नदीत सापडते. धामचे पाणी वणा नदीतून वर्धेत जाते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला आणि गोदावरी पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीच्या मुखाजवळ, काकीनाडालगतच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात.

पावसाळ्याच्या पुरात नाल्यांतले प्लास्टिक याच मार्गाने वाहू शकते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी, म्हणजे आपल्या खाद्यासारखी दिसते. ती गिळल्यास अन्नमार्ग बंद होऊन कासव दगावू शकते. मादी एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते. मात्र हजार पिलांमागे एखादेच प्रौढ होते, असे मानले जाते. म्हणूनच प्रत्येक प्रौढ मादी मोलाची ठरते.

ही कासवे एका किनाऱ्यापुरती राहत नाहीत. ओडिशात 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली.

सामान्य माणसे काय करू शकतात, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासने दाखवून दिले आहे. तेथे अंड्यांची चोरी होत असे. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्यास आरंभ केला. पिले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यास पर्यटक येऊ लागले आणि गावकऱ्यांना घरगुती निवास-भोजनातून उत्पन्न मिळू लागले.

वर्धेकरांना करण्याजोग्या गोष्टीही साध्या आहेत. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसह नदीत टाकू नये. पवनारला सहलीला गेल्यास कचरा सोबत परत आणावा. घराजवळचा नाला पावसापूर्वी स्वच्छ व्हावा, यासाठी नगरपालिकेकडे पाठपुरावा करावा. कोकणात पिले पाहण्यास गेल्यास त्यांना हात लावू नये. विजेरी वा फ्लॅश वापरू नये, कारण पिले प्रकाशाच्या दिशेने वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

समुद्र दूर असला, तरी त्याकडे जाणारी वाट आपल्या गावातूनच सुरू होते.