एअर रायफलीवरील दुर्बिणीची उंची

पाळीसारख्या गावात एअर रायफल बाळगणाऱ्याने कागदी लक्ष्यावरच नेम धरावा. वन्य पक्ष्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. दुर्बीण नळीच्या वर असल्यामुळे छर्रा दृष्टिरेषेखालून निघतो. ती नळीच्या मध्यापासून 5 सेंटिमीटर उंच बसवून 20 मीटरवर नेम जुळविला, तर 5 मीटरवरील छर्रा सुमारे 3 सेंटिमीटर खाली लागतो. यास्तव माउंट बुटके घ्यावे. मात्र भिंगाकडील भाग नळीस टेकू नये. (ऑलिंपिकच्या 10 मीटर प्रकारात दुर्बिणीस मुभाच नाही, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी 2022 साली कैरो येथे जागतिक विजेतेपद मिळविले ते छिद्रदर्शकावर.) स्क्रू घट्ट करण्यापूर्वी डोळे मिटून रायफल खांद्यास लावावी, गाल दस्त्यावर सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण वर्तुळ दिसल्यास उंची योग्य. मान उचलावी लागल्यास ती अधिक आहे.