चादरीतली लाट आणि समुद्रातली लाट

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. दुपारची सुट्टी झाली, की मागांचा खडखडाट थांबतो आणि दहा-बारा जण लिंबाखाली डबे उघडून बसतात. गेल्या हिवाळ्यात या बैठकीत एकच विषय होता, सहलीचा. गाडी ठरली होती, गोवा ठरला होता. मी सहज विचारलं, ‘‘पोहता कुणाकुणाला येतं?’’ बारापैकी दोन हात वर झाले. एक विहिरीत शिकलेला, दुसरा कॅनॉलमध्ये. समुद्र मात्र एकानंही पाहिला नव्हता. ‘‘मग समुद्रात उतरणार का?’’ तर बाराही जण म्हणाले, उतरणार. एवढ्या लांब जायचं आणि नुसते पाय भिजवून परत यायचं का?

त्यांचं काही चुकत नव्हतं. आपण कोरड्या मुलखातली माणसं. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला एवढं पाणी एकदम दिसलं, तर तो त्यात शिरणारच. पण पाणी पाहिलेलं नसणं आणि पाण्याची भीती नसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका होतो. माझं नेमकं उलटं होतं. मला भीतीच फार होती.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या गल्लीतला एक मुलगा दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात गेला. माझ्याच वयाचा. त्या दिवसापासून अम्मीचा एकच घोष, ‘‘पानी के नजीक नक्को जाव!’’ मी गेलो नाही. पुढं कवितेत नद्या आल्या, समुद्र आला, पण गुडघ्यावर पाणी मी कधी येऊ दिलं नाही. अखेर पन्नाशी उलटल्यावर, उत्तर गोव्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावर धाकट्या मुलीनं माझं नाव परस्पर एका शिकवणीत घातलं. शिकवणी होती बॉडीबोर्डिंगची, म्हणजे छातीखाली फळी घेऊन लाटेवर पालथं पडून किनाऱ्याला येण्याची. तास एकच. पण त्या तासात समुद्राबद्दल जे कळलं, ते समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं वाटलं, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी फळीबद्दल. लाकडी फळीवर पालथं पडून लाटेवरून येण्याचा खेळ हवाई बेटांवरचे लोक फार पूर्वीपासून खेळत. हल्लीची मऊ फळी मात्र अलीकडची. टॉम मोरी नावाचा एक अमेरिकन गृहस्थ विमान कंपनीत काम केलेला इंजिनिअर होता आणि लाटांचा शौकीनही. 1971 साली हवाईत राहत असताना त्यानं फोमचा एक तुकडा सुरीनं कापला आणि घरातल्या इस्त्रीनं तापवून त्याला आकार दिला. इस्त्रीला फोम चिकटू नये म्हणून मध्ये काय धरलं? वर्तमानपत्राचा कागद! हा माणूस 2021 साली वारला. आज जगभर पोरंसोरं जी फळी घेऊन लाटांत शिरतात, तिची सुरुवात अशी घरगुती आहे.

ही फळी सुमारे एक मीटर लांब असते. उभी धरली तर आपल्या बेंबीपर्यंत यावी, असं माप सांगतात. वजनाला हलकी. तिला एक दोरी असते, ती दंडाला किंवा मनगटाला बांधायची, म्हणजे हातातून सुटली तरी फळी लांब जात नाही. उभं राहून लाटेवर तोल सांभाळण्याचा जो खेळ आहे, त्याला खूप सराव लागतो. इथं पालथं पडायचं असल्यानं पहिल्याच दिवशी दोन-चार लाटा पदरात पडतात.

शिकवणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा होता, माझ्या मुलीच्या वयाचा. त्यानं मला पाण्यात नेलंच नाही. आधी अर्धा तास वाळूत बसवलं आणि म्हणाला, ‘‘काकानू, भिया नकात. आधी नुसता बघा.’’ मी पाहू लागलो. लाट येते, फुटते, फेस होतो, परत जातो. त्यानं विचारलं, लाटेबरोबर लांबचं पाणी इथं येतं का? मी म्हणालो, येतंच की. तो म्हणाला, नाही.

हे कोडं मला उलगडलं ते आपल्या सोलापुरी चादरीमुळं. दोघांनी चादरीची दोन टोकं धरायची आणि एकानं झटका द्यायचा. चादरीतून एक लाट सरसर दुसऱ्या टोकाला जाते. पण चादर कुठं जाते का? ती आपल्या हातातच राहते. कापडाचा प्रत्येक धागा जागच्या जागी वर जातो नि खाली येतो. पुढं जातो तो फक्त झटका. खोल समुद्रात असंच घडतं. दूर कुठंतरी वारा पाण्याला झटका देतो, तो झटका शेकडो मैल पुढं सरकत येतो. पाणी मात्र आपल्या जागी गोल फिरून जवळपास तिथंच राहतं.

मग किनाऱ्यावर लाट फुटते कशी? पाणी उथळ झालं, की लाटेचा खालचा भाग तळाला अडखळतो. लाटेचा वेग कमी होतो, मागून येणारी लाट जवळ येते आणि तिची उंची वाढते. शेवटी डोकं पुढं नि पाय मागं अशी तिची अवस्था होते आणि ती कोसळते. लाटेची जेवढी उंची, त्याच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात ती फुटते, असा ठोकताळा आहे. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात फुटणार. लाट कुठं फुटते हे नीट पाहिलं, की तिथं पाणी किती असेल याचा अंदाज येतो. आणि फुटल्यानंतर मात्र पाणी खरोखरच किनाऱ्याकडं धावतं. नवशिक्यानं स्वार व्हायचं ते या फुटलेल्या, पांढऱ्या लाटेवर.

यानंतर आम्ही पाण्यात गेलो, ते कमरेपर्यंतच. पहिला नियम, फळी आपल्या कुशीला धरायची. आपण आणि लाट यांच्यामध्ये आडवी धरायची नाही. धरली, तर लाट ती फळीच आपल्या तोंडावर मारते. हा नियम मी ऐकला आणि दुसऱ्याच मिनिटाला विसरलो. ओठ फुटला. दुसरा नियम, समुद्राकडं पूर्ण पाठ करून कधी उभं राहायचं नाही.

लाट दोन-तीन हातांवर आली, की किनाऱ्याकडं तोंड करायचं, फळीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरायचं आणि तळावर पाय रेटून पुढं झेप घ्यायची. हा रेटा का हवा? कमरेइतक्या पाण्यात लाट ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेगानं येते, सायकल सावकाश चालवावी तशी. आपण नुसते उभे राहिलो तर ती अंगाखालून निघून जाते. चालत्या एसटीत चढणारा माणूस चार पावलं गाडीबरोबर पळतो, तसं इथं पळावं लागतं.

पोट फळीवर, कंबर फळीच्या मागच्या कडेशी, पाय पाण्यात. अंग फार पुढं गेलं तर फळीचं नाक पाण्यात घुसतं आणि माणूस कोलांटी खातो. फार मागं राहिलं तर फळी ब्रेक लावल्यासारखी थांबते आणि लाट पुढं जाते. मी आधी तीनदा कोलांटी खाल्ली, मग दोनदा मागं राहिलो. नाकात, कानात, घशात खारं पाणी. पडताना सूर मारायचा नाही, डोकं आधी खाली जाऊ द्यायचं नाही, हातांनी डोकं झाकून आडवंच पडायचं, हे त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं. कारण पाणी उथळ असतं आणि खालची वाळू कठीण असते. मान दुखावली तर ती जन्माची.

सहाव्या लाटेला जमलं. मागून कुणीतरी पाठीवर थाप द्यावी तसा धक्का बसला आणि मी चाललो. फेस दोन्ही बाजूंनी, कानात नुसता घोष, वाळू वेगानं जवळ येतेय. सात-आठ सेकंद असतील. पोट वाळूला घासलं तेव्हा थांबलो. मुलगी काठावर टाळ्या वाजवत होती. पंचेचाळीस वर्षं मी ज्या पाण्यापासून पळालो, त्यानं मला उचलून काठावर आणून ठेवलं होतं. मी काही बोललो नाही. उठलो आणि परत आत गेलो.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते याच्याही पुढचं. थोड्या वेळानं दमून मी बाजूला सरकू लागलो. डाव्या हाताला पंधरा-वीस पावलं रुंदीचा एक पट्टा शांत दिसत होता. लाटा नाहीत, फेस नाही. तिथं जरा उभा राहतो म्हणालो, तर त्या पोरानं माझा दंडच धरला. ‘‘थंय नको!’’

त्यानं समजावलं ते असं. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्यावर लोटत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथं खोलगट फट सापडते, तिथून ते सगळं जोरानं आत, समुद्राकडं निघतं. फट खोल असते म्हणून तिथं लाट फुटत नाही. फुटत नाही म्हणून ती जागा आपल्याला शांत, सुरक्षित वाटते. आणि पोहता न येणारी माणसं पोराबाळांना घेऊन नेमकी तिथंच उतरतात. जोराचा असा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागं टाकतो. पाण्याचा थोडा गडद रंग, मध्येच लाटा तुटलेल्या, फेस किंवा कचरा समुद्राकडं वाहत चाललेला, या त्याच्या खुणा.

हे ऐकताना मला ती खाण आठवली. तिचं पाणीसुद्धा शांतच होतं.

अशा प्रवाहात सापडलं तर काय करायचं? तो खाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो बहुधा त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडं हातपाय मारून दमल्यामुळं. म्हणून झगडायचं नाही. फळी असेल तर ती सोडायची नाही, नसेल तर उताणं होऊन तरंगायचं, एक हात वर करून ओरडायचं. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलं, की जिथं लाटा फुटताहेत तिथून लाटांबरोबर परत यायचं. आणि काठावरच्यांनी वाचवायला उड्या टाकायच्या नाहीत. जीवरक्षकाला हाक मारायची आणि तरंगणारी एखादी वस्तू फेकायची. रिकामा, बूच लावलेला पाण्याचा कॅनसुद्धा चालतो.

1 फेब्रुवारी 2016 या दिवशी मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. घाटावरून समुद्र पाहायला आलेली ही मुलं. असल्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या सुट्टीत तसेच पाण्यात उतरतो.

आता भरती-ओहोटीबद्दल थोडं. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, त्यामुळं भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढं सरकते. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीचा पाऊणपट करा, भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी जास्त चढतं नि जास्त उतरतं. हे उधाण. आमच्या घरात चांद पाहून महिना सुरू होतो, म्हणून मला हे लगेच पटलं. ईदचा चांद दिसतो ते दिवस उधाणाचेच. पंचांग बघा नाहीतर हिजरी कॅलेंडर, समुद्राला दोन्ही सारखेच लागू पडतात.

एवढं सगळं मी त्या बारा जणांना लिंबाखाली सांगितलं. रिजेक्ट मालातली एक चादर आणली आणि जॉबरला दुसरं टोक धरायला लावून लाट दाखवली. चार गोष्टी पाठ करून घेतल्या. एक, जीवरक्षक आहेत त्याच किनाऱ्यावर उतरायचं. गोव्यात 2008 पासून सरकारनं नेमलेली जीवरक्षकांची यंत्रणा आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पाण्यात जायचं, नुसता लाल झेंडा दिसला तर जायचं नाही. दोन, पावसाळ्यात समुद्र लांबूनच पाहायचा. तीन, दारू पिऊन किंवा अंधार पडल्यावर पाण्यात पाऊल नाही. चार, शांत दिसणाऱ्या पट्ट्यात जायचं नाही, आणि कमरेच्या वर पाणी नाही. फळी तरंगवते म्हणून तिच्या भरवशावर पोहता न येणाऱ्यानं खोल पाण्यात जाऊ नये. दोरी तुटू शकते, हात सुटू शकतो.

मंडळी जाऊन आली. सोमवारी सगळे कामावर हजर, नाकं सोललेली, आवाज बसलेले. चौघांनी फळी भाड्यानं घेतली होती. जॉबर मला म्हणाला, ‘‘चाचा, ते शांत पाणी आम्हाला दिसलं. तिथं एक बाई दोन लेकरं घेऊन उतरत होती. आम्ही तिला हाक मारून माघारी बोलावलं.’’ आणि तो माग चालू करायला निघून गेला.

ती बाई कोण, कुठली, त्यानं विचारलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी हिशेबात दोनदा चूक झाली.