रजेच्या जागेवरचा शिक्षक

शिक्षिका प्रसूती रजेवर गेली की १८० दिवस तिच्या वर्गाला दुसरे कोणीतरी लागते. दीर्घ आजारपण किंवा प्रतिनियुक्ती यांमुळेही अशीच तात्पुरती जागा निर्माण होते. एक-दोन दिवसांच्या रजेसाठी मात्र शाळा सहसा बाहेरून माणूस आणत नाही. माध्यमिक शाळेत सकाळी पर्यवेक्षक मस्टर पाहतात, वेळापत्रकात कोणाचा कोणता तास मोकळा आहे ते शोधतात आणि बदली तासांची वही शिक्षकांच्या खोलीत फिरते. भूगोलाच्या तासाला चित्रकलेचे सर येतात आणि मुले त्याला ‘ऑफ तास’ म्हणून खूश होतात. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एवढीही सोय नसते. एक शिक्षक रजेवर गेला की दुसरा पहिली ते चौथीची मुले एकत्र बसवतो. रजा लांबली तर शेजारच्या शाळेतून कोणाला तरी ‘कामगिरीवर’ धाडले जाते आणि तुटवडा तिकडे सरकतो.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा कामासाठी बदली शिक्षकाचा स्वतंत्र परवाना असतो. कॅलिफोर्नियात पदवी आणि बोटांच्या ठशांवरून होणारी पार्श्वभूमीची तपासणी यांवर तो मिळतो; अध्यापनाचे पूर्ण प्रशिक्षण लागत नाही. महाराष्ट्रात असा हलका दरवाजा नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा कलम ५ मध्ये संस्थेला तात्पुरती जागा भरण्याची मुभा देतो, पण नेमायची व्यक्ती त्या पदासाठी रीतसर पात्र असली पाहिजे, अशी अटही घालतो. म्हणजे सहा महिन्यांसाठी येणाऱ्यालाही कायम शिक्षकाइतकीच पात्रता लागते.

ती पात्रता वर्गानुसार बदलते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका लागते. गावोगावी तिला अजूनही डी.एड.च म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीला त्या विषयातली पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. आपले बी.एड. पहिलीच्या वर्गालाही चालेल, अशी अनेकांची समजूत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाने प्राथमिकच्या भरतीपुरता तो प्रश्न संपला: लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळते, बी.एड.मध्ये नाही.

आठवीपर्यंत शिकवायचे तर याखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. शिक्षणहक्क कायद्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० मध्ये ती सक्तीची केली. महाराष्ट्रात पुण्याची राज्य परीक्षा परिषद २०१३ पासून ती घेते. पेपर पहिला पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिल्या पेपरमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरीही निकाल कायम कमीच लागतो. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांपुरते होते. २०२१ पासून ते आजीवन ग्राह्य धरले जाते. केंद्राची सीटीईटीही चालते. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने टीईटीचे बंधन आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही लागू केले. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना टीईटीसाठी दोन वर्षांची मुदत मिळाली, त्यामुळे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे गुरुजी आपल्या माजी विद्यार्थ्यांशेजारी परीक्षेला बसू लागले.

पात्रता हाती आली की खरे लक्ष द्यायचे ते नेमणुकीच्या आदेशाकडे. खासगी शाळेत तो ठरावीक नमुन्यातच असावा लागतो. रजेच्या जागेवरची नेमणूक असेल तर जागा कशी रिकामी झाली, नेमणूक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि मुदत संपताच वेगळी नोटीस न देता सेवा संपेल, हे त्यात लिहिलेले असते. घाईघाईने सही करणाऱ्याला ही ओळ नंतर महागात पडते. जागा मुळातच कायम रिक्त असूनही आदेशात ‘तात्पुरती’ लिहिलेले असेल, तर प्रकरण शाळा न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शकते. अनुदानित शाळेत आणखी एक टप्पा असतो. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळाल्याशिवाय शासनाकडून पगार निघत नाही, आणि फाईल काही रजेच्या मुदतीकडे बघून हलत नाही. मान्यता येण्याआधीच मूळ शिक्षिका हजर झाली तर त्यात नवल नाही. म्हणून आदेशाची प्रत, रुजू झाल्याचा अहवाल आणि शाळा सोडताना अनुभव प्रमाणपत्र हे कागद स्वतःजवळ ठेवलेले बरे. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानंतर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही करून घ्यावी लागते.

जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर शासनाने वेगळा तोडगा काढला. जुलै २०२३ मध्ये नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर, वयाच्या सत्तरीपर्यंत, कंत्राटी पद्धतीने घेण्याचे ठरले. डी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्यांना हे झोंबणे साहजिक होते.

कायम नोकरीचा रस्ता वेगळा आहे. त्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, अर्थात ‘टेट’, द्यावी लागते. ही २०० गुणांची चाचणी पहिल्यांदा २०१७ मध्ये झाली, पुढची थेट २०२३ मध्ये. तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होते आणि उमेदवार तीन वर्षांसाठी शिक्षण सेवक म्हणून रुजू होतो. २०२३ पासून या काळात प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन ठरले आहे. मुलाखतीशिवाय होणाऱ्या निवडीत यादी टेटच्या गुणांवरच लागते. रजेच्या जागांवर कितीही वर्ग सांभाळलेले असले, तरी त्या अनुभवाचे वेगळे गुण तिथे मिळत नाहीत.