सहलीची गाडी आणि धुक्यातले पन्नास मीटर

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचे दिवस. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, हवा प्रसन्न असते आणि शिक्षक-खोलीत एस.टी.ची गाडी, मुक्काम, जेवण यांची बोलणी सुरू होतात. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पहाटे चारला निघू, म्हणजे एक ठिकाण जास्तीचे पाहून होईल.’ हे जास्तीचे ठिकाण आपल्याला कितीला पडते, याचा हिशेब शाळेतल्याच विज्ञानाने मांडता येतो.

आधी एक सोपा प्रयोग. वर्गात मुलांच्या जोड्या करा. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी पट्टीला न टेकवता उघडी ठेवावीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. बहुतेकांची पट्टी २० सेंटिमीटरच्या आसपास पकडली जाते. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला एवढे अंतर कापायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. हा झाला आपला प्रतिक्रिया-काळ.

पण पट्टी पकडणारे मूल तिच्याकडे टक लावून बसलेले असते. चालकाला समोर अचानक काहीतरी दिसते, ते काय आहे हे ओळखायचे असते, मग पाय उचलून ब्रेकवर न्यायचा असतो. म्हणून रस्त्यावरच्या हिशेबात हा काळ दीड सेकंद धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ती २५ मीटर पुढे गेलेली असते!

ब्रेक लागल्यावर गाडी जे अंतर जाते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरडा रस्ता व चांगले टायर असताना गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ५ मीटरने कमी होतो असे धरले, तर आकडे असे येतात :

ताशी २० कि.मी. : ब्रेकपूर्वी ८ मीटर + ब्रेकनंतर ३ मीटर = ११ मीटर
ताशी ४० कि.मी. : १७ + १२ = २९ मीटर
ताशी ६० कि.मी. : २५ + २८ = ५३ मीटर

वेग २० वरून ४० झाला, म्हणजे दुप्पट झाला; ब्रेकनंतरचे अंतर मात्र चौपट झाले. दवाने रस्ता ओलसर असेल किंवा टायर गुळगुळीत झाले असतील, तर हे आकडे आणखी वाढतात.

आता पहाटेकडे वळू. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि रात्र मोठी असते. जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब बनतात. नदीकाठ, धरणाचा परिसर, पाणी दिलेली शेते, दरीतले सखल भाग इथे बाष्प जास्त किंवा थंड हवा साचलेली, म्हणून धुके तिथे आधी धरते. तापमान सर्वांत कमी असते ते सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे चारला निघालेली गाडी ऐन धुक्याच्या वेळी रस्त्यावर असते. दाट धुक्यात दोनशे मीटरपलीकडचे दिसत नाही. अतिदाट धुक्यात पन्नास मीटरवरचेही दिसत नाही. वरचा ५३ मीटरचा आकडा आता पुन्हा पाहा.

दिवे प्रखर केले तर? उलट कमी दिसते. धुक्याचे असंख्य थेंब तो प्रकाश विखुरतात आणि त्यातला बराचसा चालकाच्याच डोळ्यांकडे परत येतो. म्हणून धुक्यात दिव्यांचा झोत खालीच हवा. पिवळा प्रकाश धुके भेदतो, हा समजही तपासून पाहावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्यासाठीच्या दिव्यांचा उपयोग होतो तो ते खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत पसरट असतो म्हणून.

आपल्याकडे हिवाळ्यात आणखी एक धोका असतो. उसाचा गळीत हंगाम याच दिवसांत भरात असतो. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचा लाल दिवा आणि परावर्तक दोन्ही झाकले जातात. परावर्तक स्वतः प्रकाशत नाही, आपल्या गाडीचा प्रकाश त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. अंधारात किंवा धुक्यात अशी उभी ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावरच.

परतीचा प्रवासही विसरू नये. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोपेच्या सर्वाधिक अधीन असते. पेंगुळलेल्या चालकाला आपला दीड सेकंद पुरत नाही. मुक्कामी मुलांच्या अंथरुणांची व्यवस्था आपण काटेकोरपणे पाहतो. चालकाला रात्रभर स्वस्थ झोप मिळेल अशी जागा ठरवली आहे का, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे. निघण्यापूर्वी त्यांच्यासोबत टायर, सगळे दिवे आणि काचेचे वायपर तपासावेत. आत चाळीस मुलांच्या श्वासाने समोरची काच धूसर होते, तेव्हा खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात.

या सगळ्यातून नियम एकच निघतो : जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे. समोर तीस मीटरच दिसत असेल, तर ताशी ४० हा वेगही काठावरचाच. पण वेळापत्रकात पाच ठिकाणे कोंबून आपणच चालकाला घाई करायला लावली, तर हा नियम तो पाळणार कसा? ऊन वर आल्यावर निघावे, दिवसाउजेडी मुक्कामी पोचावे आणि धुके आडवे आलेच तर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी थांबण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. हा निर्णय शिक्षक-खोलीतच होतो.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात मैदानावर फक्कीने ११, २९ आणि ५३ मीटरच्या रेघा मारा. मुलांना एका टोकाला उभे करून शेवटची रेघ किती लांब आहे ते पाहू द्या. मग एक ठिकाण कमी का केले, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.