गिरवण्याआधीची भाषा

अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेचा वाटतो, पण तो ताराबाई मोडकांचा. १९४५ साली अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बोर्डीत काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणातही गेली. शिंपले, बिया, पाने, माती हेच तिथले साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि नाव देशभर पोचले. पद्धत मात्र बरीचशी मागे राहिली. पोषण आहार, वजने आणि नोंदवह्या यांतून सेविकेला जो वेळ उरतो, त्यात ‘शिकवणे’ म्हणजे बहुधा मुळाक्षरे गिरवून घेणे. (गल्लोगल्लीच्या इंग्रजी नर्सऱ्यांत हेच ए-बी-सी-डीचे होते, फक्त फी भरून.) वाचनाची तयारी म्हणून जे करून घेतले जाते, त्यात वाचनाचा अंश फार थोडा असतो, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या लिपीचा आवाका आधी पाहावा. चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. ‘कि’ म्हणताना ‘इ’ नंतर ऐकू येते, पण वेलांटी आधी दिसते. कन्नडचीही रचना अशीच विस्तृत. सोनाली नाग यांच्या २००७ सालच्या अभ्यासात तिथल्या मुलांचे अक्षरज्ञान पहिलीत पुरे न होता पुढच्या इयत्तांतही वाढत राहिलेले दिसते. मग ‘आधी सगळी अक्षरे, मग वाचन, अर्थ शेवटी’ हा क्रम धरला, तर मुलाने अर्थासाठी किती वर्षे थांबायचे? शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी वाडा तालुक्यात मराठी व यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे माग काढला. तिसरीच्या अखेरीसही अनेकांना सलग मजकूर वाचणे जड जात होते आणि वर्गात त्यांच्या स्वतःच्या बोलण्याला जागा नव्हती. म्हणजे अक्षरांपायी अर्थ लांबणीवर टाकला आणि अक्षरेही हाती लागली नाहीत.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. शिकल्यासवरल्या घरातले मूल उशिरा वाचले तरी चालते. गरिबाच्या मुलाला लवकर अक्षरे दिली नाहीत तर ते कायमचे मागे पडेल. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनकौशल्यात फरक उरला नव्हता. पण ती घरे पुस्तकांची होती, आणि तो निष्कर्ष उचलून पाड्यावर लावणे मलाही पटत नाही. मात्र त्या घरांतून मुलाला जे आयते मिळते ते अक्षरज्ञान नसते, तर गोष्टी, प्रश्न, पुस्तक हाताळणे आणि मोठ्यांशी लांबलचक बोलणे असते. घरात जे नाही ते बालवाडीने पुरवायचे, तर पुरवायला हवे ते हे. आसाम, राजस्थान आणि तेलंगणात २०११ ते २०१६ या काळात हजारो मुलांचा जो अभ्यास झाला, त्यातही खेळातून शिकवणाऱ्या केंद्रांतली मुले शाळेसाठी अधिक तयार आढळली. आणि अशी केंद्रे सरकारीत थोडी, तशी खासगीतही थोडीच निघाली. अक्षरे देऊच नयेत असा याचा अर्थ नाही. मुलाने सांगितलेले वाक्य फळ्यावर त्याच्यासमोर लिहिले, की अक्षरे येतातच, अर्थाचे बोट धरून. पण केंद्राच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाच्या, मुलाने दोन-तीन अक्षरी शब्द वाचावेत असे ठरले आहे. ते तपासणे सोपे. वारली बोलणाऱ्या मुलाशी सेविका त्याच्या बोलीत अर्धा तास बोलली, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे अजून ठरायचे आहे.